यंत्र धाडावं की माणूस?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण. चिटणीसबाईंनी आग्रह केला म्हणून आठवलं तसं लिहून दिलं आहे.)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या खोलीत वडे तळत असते आणि तुमची भाषणं तिथूनच ऐकते. यंदा झारा काढून घेऊन मला इथे उभं केलंत, तेव्हा वडे कसे झालेत त्याला मी जबाबदार नाही.

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो आणि आपला वर्धापनदिन त्याच आठवड्यात येतो. म्हणून यंदा दोघींनी दोन बाजूंनी बोलावं असं ठरलं होतं. विषय, अवकाशात यंत्र धाडावं की माणूस? मला यंत्राची बाजू मिळाली. माणसाची बाजू ज्या वहिनींकडे होती त्यांच्या लेकीचं बाळंतपण आठ दिवस आधी झालं आणि त्या नागपूरला गेल्या. त्यामुळे दोन्ही बाजू माझ्याच पदरात पडल्या. मी सातवी शिकलेली. मराठी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मी वाचली, इंग्रजीतलं आमच्या धाकटीने वाचून मला मराठीत सांगितलं. काही चुकलं तर अर्धा कान तिचा धरा.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हा पुष्कळजणींना आठवत असेल. याच सभागृहात टीव्ही लावला होता आणि खुर्च्या पुरेनात म्हणून आम्ही सतरंजीवर बसलो होतो. सहा वाजून चार मिनिटांनी आपला विक्रम चंद्रावर टेकला. पण मला खरी आठवतात ती त्याआधीची एकोणीस-वीस मिनिटं. इस्रोच्या बंगळूरच्या खोलीत बसलेली ती एवढी शिकलेली माणसं, त्यांच्याही हातात त्या वेळी काही उरलं नव्हतं. उतरायचा हुकूम एकदा सुटला की वेग कमी करणं, आडव्याचं उभं होणं, खालची जागा न्याहाळणं, हे सगळं यानाने आपलं आपण करायचं होतं. ते तिकडे आणि आपण इकडे, सारख्याच हात जोडून बसलो होतो.

त्याआधीचं यान ७ सप्टेंबर २०१९ ला मध्यरात्रीनंतर उतरता उतरता आपटलं होतं. मी त्या रात्री जागी होते. इंजिनांनी हवा त्याहून जास्त जोर लावला, लहान लहान चुका साचत गेल्या, आणि उतरायला जागा नेमून दिलेली ती पाचशे मीटर लांबरुंद. पुढच्या खेपेला इस्रोने अंगण मोठं केलं, चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद. इंधन वाढवलं, पाय मजबूत केले आणि चार वर्षांनी काम फत्ते केलं. सांगायचं एवढंच की यंत्र पडलं तर डोळ्यांत पाणी येतं, पण सुतक लागत नाही. कुणाच्या दारात निरोप घेऊन जावं लागत नाही. यंत्राच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल, पण माझ्या मते हे सगळ्यांत मोठं.

कारण दुसरी तारीखही मला आठवते, १ फेब्रुवारी २००३. तेव्हा मी नवी नवरी होते. कोलंबिया यान सोळा दिवस वर राहून परत येत होतं. निघतानाच इंधनाच्या टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून पंखाच्या कडेवर आदळला होता. त्याने भोक पडलं आणि येताना तापलेली हवा त्यातून आत शिरली. जमिनीला टेकायला साधारण सोळा मिनिटं उरली होती. सातही जण गेले, त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला. फेसाचा तुकडा, भगिनींनो, गादीत भरतात तसला हलका!

आता जे सांगते ते चिटणीसबाईंनाही ठाऊक नाही. आमच्या धाकटीने एनडीएचा फॉर्म भरला आहे. खडकवासला इथून काही फार लांब नाही, पण मुलींना तिथे दार उघडलं ते २०२२ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर. मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. त्यांचं संचलन हिने मोबाईलवर इतक्यांदा पाहिलं की मला त्या बँडची चाल पाठ झाली. आधी विमान चालवीन आणि मग वर जाईन, असं ती म्हणते. वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. राकेश शर्मा खडकवासल्याचेच, शुभांशू शुक्लाही तिथलेच, हे तिने मला न विचारता सांगितलं.

तेव्हा माझ्याकडून निवाडा मागाल तर मी तयारच होते. यंत्र धाडा! दहा धाडा. माझं भाषण पहिल्या रात्रीच लिहून झालं होतं.

पैशाचा हिशेबही माझ्याच बाजूने होता. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. माणसं नेणाऱ्या गगनयानाचा आकडा सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवून २०,१९३ कोटी केला. यात पुढच्या अवकाशस्थानकाचा पहिला भागही धरलेला आहे, हे न सांगणं लबाडीचं होईल. तरी फरक केवढा आहे बघा. कारण उघड आहे. माणूस म्हटला की संसार आला. हवा न्या, पाणी न्या, जेवण न्या, मोरी न्या, निजायची सोय करा, आणि मुख्य म्हणजे परत आणा. आपला प्रज्ञान सव्वीस किलोचा, सहा चाकांचा. ऊन मिळालं की काम करी. दहाएक दिवस फिरला, चंद्राच्या मातीत गंधक आहे असं सांगितलं, रात्र पडायच्या आत त्याला निजवलं, पुढे उजाडलं तरी उठला नाही. तो तिथेच आहे. त्याला आणायला कुणी गेलं नाही आणि कुणी जायचं कारणही नाही.

आणि यंत्राचं आयुष्य म्हणाल तर काही यंत्रं म्हाताऱ्या माणसांसारखी चिवट असतात. मंगळयान सहा महिन्यांसाठी धाडलं होतं, ते २०१४ पासून जवळजवळ आठ वर्षं चाललं. ते मंगळापाशी पोहोचलं त्या दिवशीचा इस्रोतल्या बायकांचा फोटो, काठापदराच्या साड्या आणि गजरे घातलेल्या, तो आपल्या मंडळाच्या फळ्यावर कितीतरी महिने होता. व्हॉयेजर-१ तर १९७७ साली निघालेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते काहीबाही बरळायला लागलं. स्मरणशक्तीचा एक तुकडा बिघडला होता. ते तेव्हा २४०० कोटी किलोमीटर लांब होतं, इथून निघालेला निरोप पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. तरी अमेरिकेतल्या लोकांनी त्या बिघडलेल्या कोपऱ्यातलं सामान दुसऱ्या कोपऱ्यांत हलवावं तसं करून, एप्रिल २०२४ मध्ये त्याला पुन्हा शहाण्यासारखं बोलायला लावलं. हात न लावता!

माणसं गेल्याशिवाय मुलांना स्फूर्ती मिळत नाही असंही म्हणतात. ते मला तितकंसं पटत नाही. २०२३ च्या गणपतीत घरोघर चांद्रयानाचेच देखावे होते. आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या मागे थर्माकोलचा चंद्र आणि वरून दोरीने उतरणारा विक्रम होता, आणि पोरं आरती सोडून तो बटण दाबून उतरवत होती.

असं सगळं छान जमलं होतं. मग धाकटीने मला हबल दुर्बिणीची गोष्ट वाचून दाखवली.

ही दुर्बीण १९९० साली पृथ्वीभोवती फिरत ठेवली. वर गेल्यावर कळलं की तिला धूसर दिसतंय. आरशाची कड घासताना एका केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी चूक झाली होती. डिसेंबर १९९३ मध्ये सात जण गेले आणि त्यांनी बाहेर तरंगत तिला जणू चष्मा बसवला. पुढेही फेऱ्या झाल्या. शेवटची एक फेरी राहिली होती आणि तेवढ्यात कोलंबिया गेलं. जानेवारी २००४ मध्ये नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जाहीर केलं की आता हबलसाठी माणसांचा जीव धोक्यात घालायचा नाही. मला ते योग्यच वाटलं. मग यंत्रमानव पाठवून दुरुस्ती करावी असा विचार सुरू झाला. तज्ज्ञांची समिती बसली आणि डिसेंबर २००४ मध्ये तिने सांगितलं की असं यंत्र वेळेत तयार होऊन हे काम उरकण्याची आशा फार थोडी, पाठवायची तर माणसंच पाठवा. नवे प्रमुख आले, त्यांनी २००६ मध्ये होकार दिला आणि मे २००९ मध्ये सात जण निघाले. वर पोहोचल्यावर मेगन मॅकार्थर नावाच्या बाईंनी यानाच्या लांबलचक यांत्रिक हाताने ती दुर्बीण अलगद पकडून जवळ आणली.

आत जे यंत्र दुरुस्त करायचं होतं त्याच्या झाकणाला १११ बारीक स्क्रू. एकही सुटून दुर्बिणीत गेला तर घात, म्हणून ते अडकवून धरायला खास जाळी केली होती. वर्षानुवर्षं सराव केला होता. पण त्या झाकणाच्या आड एक साधी मूठ होती, धरायची दांडी, चार स्क्रूंनी बसवलेली. माइक मॅसिमिनो ती काढायला लागले आणि शेवटच्या स्क्रूची खाच झिजून गेली. हत्यार नुसतं गरगर फिरे. तुमच्या-माझ्या कुकरच्या दांड्याला होतं तेच! खाली जमिनीवर लोकांनी तशाच दांडीवर जोर लावून पाहिला आणि वर निरोप दिला, ओढून तोडा. हबलसारखी नाजूक वस्तू, आणि हा गृहस्थ बाहेर तरंगत तिची दांडी हाताने उपटतो आहे. ती निघाली. मग एकेक करून सगळे स्क्रू काढले आणि ते यंत्र पुन्हा चालू झालं.

हे ऐकून आमचे हे खुर्चीतच उठून बसले. ह्यांची उमर पत्रा दाबायच्या प्रेसवर गेली. उजव्या हाताचं एक बोट तिथेच अर्धं राहिलं. नंतर कारखान्यात यांत्रिक हात आले. बोटं वाचली, पण आठांपैकी पाच जणांच्या नोकऱ्या गेल्या. हे राहिले, कारण तो यांत्रिक हात अडला की कुठे टिचकी मारायची हे ह्यांना कळतं. अजूनही रात्री अकराला फोन येतो. ‘शिकवलेलं सगळं यंत्र करतं,’ हे म्हणाले, ‘न शिकवलेलं कोण करणार?’ यंत्राशी ह्यांचं वैर असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं नाही निघालं.

मग मी दुसऱ्या बाजूचंही वाचू लागले. आपला प्रज्ञान चालत असताना तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला. तेव्हा इकडून हुकूम देऊन त्याला आल्या वाटेने परत फिरवला. चंद्र जवळ म्हणून हे जमलं. मंगळावर निरोप जायलाच कधी तीन-चार मिनिटं तर कधी वीसच्या वर लागतात, म्हणून तिथल्या गाड्यांना दिवसाचं काम सकाळीच सांगून ठेवायचं. ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी नव्वद दिवसांसाठी गेली आणि चौदा वर्षं चालली, तेवढ्यात ४५ किलोमीटर. अपोलो-१७ चे दोघे १९७२ च्या डिसेंबरात तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर हिंडले. मंगळावरच्या त्या गाडीचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की आमच्या गाडीचं दिवसभराचं काम माणूस मिनिटाच्या आत करील.

त्या दोघांतले हॅरिसन श्मिट हे दगडमातीचे शास्त्रज्ञ. सगळीकडे राखाडी धूळ, आणि चालता चालता त्यांच्या पायाखाली नारिंगी माती दिसली. ती काचेच्या बारीक मण्यांची निघाली, साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी चंद्रातून उसळलेल्या अग्नीची. तसले मणी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा त्यांत पाण्याचा अंश सापडला. आणि पुढच्याच वर्षी आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या. एक माणसाच्या पायाने, एक यंत्राच्या डोळ्याने. आता यात कुणाला पहिला नंबर द्यायचा?

हबलचाही हिशेब सोपा नाही. तिच्याकडे माणसं नेण्याआणण्यात इतका पैसा गेला की त्यात नवी दुर्बीण झाली असती, असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. आणि तिच्यानंतरची जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला गेली ती पंधरा लाख किलोमीटरवर. तिथे कुणी दांडी उपटायला जाणार नाही. छत्रीसारखी घडी घालून पाठवली होती आणि उलगडताना ३४४ जागा अशा होत्या की एक अडली तरी सगळं वाया. एकही अडली नाही. म्हणजे माणसाशिवाय अडतंच असंही म्हणवत नाही. माझं लिहिलेलं भाषण मी दोनदा फाडलं, दोन्ही वेळा निरनिराळ्या बाजूंनी.

पण हबलच्या गोष्टीत एक वाक्य राहिलं. ते वाचताना धाकटी घाईने पुढे जात होती, मी तिला थांबवलं. २००९ मध्ये ते सात जण निघाले तेव्हा दुसऱ्या तळावर दुसरं यान उभं होतं. तयार. पहिल्याला वर काही झालं तर त्यांना आणायला. हबलच्या वाटेवरून अवकाशस्थानकाच्या आसऱ्याला जाता येत नव्हतं, म्हणून ही सोय. ती लागली नाही, पण केली होती. इथे मी उठून पाणी प्यायले.

१९५७ साली रशियाने लायका कुत्रीला वर पाठवलं तेव्हा तिला परत आणायची सोयच नव्हती. काही तासांत ती उष्म्याने मेली. आणि २०२४ च्या जूनमध्ये सुनीता विल्यम्स आणि त्यांचे सहकारी आठेक दिवसांसाठी गेले, यान बिघडलं, तेव्हा नासाने त्यांना त्यात बसू दिलं नाही. यान सप्टेंबरात रिकामं खाली आणलं. ते सुखरूप उतरलं, तेव्हा पुष्कळांनी नावं ठेवली की बसवलं असतं तर काय झालं असतं. ती दोघं मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानातून आली, नऊ महिन्यांनी. नावं ठेवणाऱ्यांत मी नव्हते.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं आहे. यंत्राला आधी धाडा आणि लांब धाडा. जिथून परतायचं नाही तिथे त्याला एकट्यालाच धाडा. जिथे खाच झिजलेला स्क्रू असेल तिथे माणूस जाऊ दे, पण शेजारच्या तळावर दुसरं यान उभं असेल तर. पैसा वाचवायचा तर बाकी कशातही वाचवा, त्यात नको.

इस्रोचाही बेत आधी माणसाविना यान पाठवायचा आहे, हे मला बरं वाटलं. त्यात बसवायला व्योममित्रा नावाची यंत्राची बाई केली आहे. २०२० च्या जानेवारीत ती लोकांना दाखवली. कमरेपर्यंतच आहे, पाय नाहीत. हिंदी आणि इंग्रजी बोलते. हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘आगीत आधी बाईलाच ढकलायची रीत तिकडेही आहे म्हणायची.’ आम्ही हसलो. पण माणसांसाठी निवडलेले चौघे सगळे पुरुष, हेही काकूंनीच दाखवून दिलं. लढाऊ विमानं चालवण्यात मुरलेल्या बायका तेव्हा फारशा नव्हत्या, म्हणून असेल. पुढे असतील.

त्या चौघांतले शुभांशू शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अवकाशस्थानकावर गेले, तेव्हा जाताना गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. वर त्यांनी मेथीला आणि मुगाला मोडही आणून पाहिले. मोड यंत्रानेही आणता आले असते. आमरसाचं मात्र यंत्राला काय! त्या दिवशी धाकटीने मला विचारलं, आपला आमरस किती दिवस टिकतो. मी म्हटलं, आटवला तर वर्षभर.

परीक्षा सप्टेंबरात आहे. तिला गणिताला बसायला शांत जागा नाही, घरात दोनच खोल्या. चिटणीसबाई, मंडळाचं वाचनालय संध्याकाळी सात ते नऊ उघडं ठेवता आलं तर पाहा. किल्ली मी सांभाळीन, झाडून घेईन.

फार बोलले. वडे गार होत असतील.